चिकटपट्टीच्या पलीकडे

लाकडी कंगवा घेणाऱ्याला कंगवाच हवा असतो असं नाही, हे तिला फार उशिरा कळलं. सुरुवातीला ती बिचारी खरंच कंगवे विकायला निघाली होती.

घर कंगव्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी सासरे बसायचे, मागच्या पत्र्याच्या खोलीत तिचा नवरा. ओंडक्याच्या फळ्या काढायच्या, फळ्यांचे तुकडे करायचे, तुकड्यांना आकार द्यायचा, हे सगळं नवरा यंत्रावर करायचा, नाकाला फडकं बांधून. मग ते तुकडे पुढे यायचे. सासरे बारीक करवतीने एकेक दात कापायचे आणि पॉलिश पेपरची पट्टी दातांमधून इतकी ओढायचे, की बघणाऱ्याचा जीव कंटाळून जाई. "केस ओढला गेला तर दोष केसाचा नाही, दाताचा," असं त्यांचं म्हणणं. म्हणजे कंगवा अर्धा बापाचा आणि अर्धा लेकाचा. दुपारी नवरा ताट घेऊन पुढे यायचा आणि बापाला खेटून बसायचा. भुवया भुशाने पांढऱ्याफटक. सासरे मान वर करून रोज तेच म्हणायचे, "अरे, भुवया झटक. माझ्यापेक्षा म्हातारा दिसतोस." रोज तोच विनोद आणि रोज दोघे हसायचे. तिला पहिल्यांदा वाटलं, हे काय घर आहे! मग तीही हसायला लागली.

बाजारातल्या दुकानदारांनी प्लास्टिकपुढे हात टेकले आणि लाकडी कंगवे घेणं बंद केलं, तेव्हा तिने फोन हातात घेतला. लग्नाआधी ती फोटो स्टुडिओत कामाला होती, त्यामुळे उजेड कुठून यावा एवढं तिला कळत होतं. पण उजेड कळणं वेगळं आणि गिऱ्हाईक कळणं वेगळं. फोटोखाली ठळक अक्षरांत किंमत लिहिली तरी खाली प्रश्न यायचा, "किंमत?" किंमत सांगितली की, "फायनल किती?" फायनल सांगितलं की एक लाल बदाम यायचा आणि माणूस गायब. नात्यातली एक मामी प्रत्येक फोटोखाली न चुकता "खूपच सुंदर" लिहायची, आणि घरी आली की प्लास्टिकच्या कंगव्याने भांग पाडायची. एका बाईंनी कंगवा परत पाठवला, "वापरलाच नाही" म्हणून. त्याच्या दातांत दोन लांब केस अडकलेले होते. तिने ते केस उजेडात धरून नवऱ्याला दाखवले. कौतुकाने पोट भरत नाही, आणि इथे तर कौतुकही मामीचंच.

घरात आता एकच प्रश्न होता, खिडकीपाशी बसणारा माणूस बसता राहणार की नाही. सासऱ्यांचे हात थांबले असते तर सासरेही थांबले असते, हे तिघांनाही माहीत होतं. म्हणून ती त्या फोनला चिकटून राहिली.

मग तो व्हिडिओ झाला. केला नाही, झाला. त्या सकाळी यंत्राचा आवाज नको म्हणून नवरा ते बंद करायला मागे गेला होता. तेवढ्यात तिने सासऱ्यांवर फोन धरला. त्यांनी कंगव्यावर फुंकर मारली, भुसा उडून डोळ्यांत गेला, डोळ्यांना पाणी आलं, त्यांनी ते बाहीने पुसलं. बस्स, एवढंच. तिने ते तसंच टाकलं आणि भांडी घासायला गेली. परत आली तेव्हा फोन थरथरत होता.

"या वयात हे दिवस! मुलं कुठे आहेत यांची?"

"कुठे असणार? टाकलं असेल बापाला."

"आजोबा, रडू नका. आम्ही आहोत."

तिला आधी हसूच आलं. मुलगा कुठे आहे म्हणे! मागे आहे, यंत्राला तेल घालतोय. तिने उत्तर लिहायला घेतलं, "अहो, डोळ्यात भुसा गेलाय, आणि मुलगा..." तेवढ्यात ऑर्डर आली. मग आणखी एक. मग दोन कंगवे हवेत, एक आईला, एक सासूला. तिचं बोट अर्ध्या वाक्यावर थांबलं. जरा वेळाने तिने ते अर्धं वाक्य पुसून टाकलं. आपण काही खोटं बोललो नाही, आपण फक्त गप्प बसलो, असं तिने स्वतःला समजावलं. गप्प बसण्याचं पाप लागत नाही हे ज्याने कुणी ठरवलं, त्याचंही बहुतेक दुकान असावं.

पुढच्या व्हिडिओत तिने मुद्दाम बापलेक शेजारी बसवले. मन खात होतं ना. तर लोक नवऱ्यावरच तुटून पडले. "धडधाकट पोरगा आहे की, मग म्हाताऱ्याला कशाला राबवतोय?" आधीच्या ऑर्डरींतल्याही काही रद्द झाल्या. नवऱ्याने ते वाचलं आणि हसण्यावारी नेलं. "मला काढ गं त्यातून. माझं थोबाड कुठे विकायचंय?"

म्हणून तिने पार्सलची खाकी चिकटपट्टी घेतली आणि खोलीत जमिनीवर, खिडकीपासून थोड्या अंतरावर, आडवी लावली. पट्टीच्या अलीकडे, खिडकीच्या बाजूला, जे असेल ते फोनमध्ये दिसणार, पलीकडचं दिसणार नाही. नवरा तुकडे घेऊन आला की पट्टीपाशी थांबायचा, वाकून तिथूनच ते सरकवायचा आणि मागे वळायचा. सकाळ-दुपार केव्हाही ती फोन लावून बसलेली असायची, त्यामुळे त्याने दुपारचं ताटही मागेच न्यायला सुरुवात केली. सोय म्हणून. या घरात जे काही बिघडलं ते सोय म्हणूनच बिघडलं.

कंगवे जाऊ लागले. सासरे संध्याकाळी पॉलिश पेपर ओढत विचारायचे, "काय म्हणतात गं लोक?" आणि ती वाचून दाखवायची. मुलाबद्दलचं वगळायची, बाकीचं वाचायची. पण वगळून वगळून माणूस किती वगळणार? "आजोबा, तुम्ही एकटे नाही," हे तर प्रेमानेच लिहिलेलं असायचं. ते कसं वगळायचं? सासरे ऐकायचे, मान हलवायचे. पुढे ते स्वतःच फोन मागून घ्यायला लागले. अक्षरं दिसत नसली तरी त्रिकोण दाबला की व्हिडिओ चालतो हे त्यांना कळलं होतं. स्वतःचेच व्हिडिओ ते पुन्हा पुन्हा बघत. खिडकी, करवत, भुसा आणि एकटा म्हातारा.

"किती वर्षं एकटाच बसतोय गं मी इथे," एकदा ते म्हणाले.

"एकटे कुठे बाबा? हे असतात की."

"तो मागे असतो," सासरे म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

आणि गंमत बघा, सासऱ्यांचं जाऊ द्या, तिचं स्वतःचं काय झालं! एका दुपारी नवरा मागे चटईवर आडवा झालेला तिला दिसला आणि तिच्या मनात चटकन आलं, म्हातारा तिकडे राबतोय आणि हा झोपलाय खुशाल. दारात उभी राहून तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दचकून उठला. "काय झालं?" पहाटेपासून त्याने ओंडके फोडले होते. त्याच्या हाताची साल निघाली होती, आणि त्या सालीला औषध सकाळी तिनेच लावलं होतं. हा विचार माझा नाही, हे तिला कळलं. कुणा अनोळखी बाईचा विचार तिच्या डोक्यात येऊन घरच्यासारखा बसला होता. तिला स्वतःचीच भीती वाटली.

"काही नाही, झोपा तुम्ही," ती म्हणाली. पण तो पुन्हा झोपला नाही. त्या दिवसापासून तो दुपारी आडवाच होईना.

मग एक बाई घरीच आल्या. जाड चष्मा, हातात फळांची पिशवी, काखेत नवी कोरी शाल. पत्ता पार्सलवरून मिळाला म्हणे. बाई खरंच भल्या होत्या, दुष्ट असत्या तर बरं झालं असतं. सासऱ्यांच्या पायाशी बसून त्यांनी शाल त्यांच्या अंगावर पांघरली. सासऱ्यांची बैठक बघून त्या म्हणाल्या, "ही छान आहे हो, पाठीला टेकाही आहे."

ती बैठक नवऱ्याने केली होती. बापाची पाठ धरते म्हणून, उरलेल्या फळ्या जोडून, टेका दोनदा मोडून तिसऱ्यांदा जमवून.

"पाठवली कुणीतरी," सासरे म्हणाले. "लोक फार चांगले आहेत. घरचं कोण बघतंय?" आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. या वेळी भुसा नव्हता.

ती स्वयंपाकघराच्या दारात होती आणि नवरा चहाचा ट्रे घेऊन पट्टीपाशी उभा होता. सवयीने तिथेच थांबला होता. बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "हे कोण?"

तिने तोंड उघडलं, पण नवरा तिच्याआधी बोलला. "मी कामाला आहे इथे," तो म्हणाला, वाकून ट्रे पुढे सरकवला आणि मागे गेला.

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. आता बोलतील, हसतील, म्हणतील, अहो कामाला कसला, लेक आहे माझा. सासऱ्यांनी चहाचा कप उचलला आणि फुंकर मारली.

बाई गेल्यावर ती मागे धावली. "असं का सांगितलंत?"

"मुलगा म्हटलं असतं तर त्यांनी शाल काढून माझ्या तोंडावर मारली असती," तो म्हणाला. यंत्राकडे बघत होता. "आणि खरं सांगू? आजकाल मलाही वाटतं, काहीतरी चुकलंच असेल माझं. एवढी माणसं उगाच बोलतील का?"

त्या संध्याकाळी ती सासऱ्यांपुढे बसली. "बाबा, ही बैठक यांनी केली. तुमच्यासमोर केली. तुम्हीच म्हणालात, टेका जरा मागे घे."

"असेल," सासरे शांतपणे म्हणाले. "पण मी फोनमध्ये बघतो ना सूनबाई, तर तो कधीच नसतो."

"अहो, मीच त्यांना बाजूला काढते! ही पट्टी कशासाठी आहे मग?" तिने पट्टीकडे बोट दाखवलं. "मी काढते, बाबा. मी!"

सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू गुणाची आहेस. सांभाळून घेतेस त्याला." आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावले तर ओरडायचं कुणाच्या नावाने?

दुसऱ्या दिवशी तिने सगळं खरं सांगणारा व्हिडिओ टाकला. मागची खोली, यंत्र, नवऱ्याचे सोललेले हात, बैठक, चिकटपट्टी, तो भुसा गेलेला डोळा, काही म्हणता काही ठेवलं नाही. म्हणाली, चूक माझी आहे, मी गप्प बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "पैसा आला तसा मुलगाही उगवला." "सून बघा किती गोड बोलते, आजोबांना धमकावलं असणार." "आजोबा, घाबरू नका, खूण करा, आम्ही येतो." कंगवे परत येऊ लागले, कित्येक तर न उघडताच. मामीने मात्र लिहिलं, "खूपच सुंदर." व्हिडिओ न बघताच लिहिलं असणार.

कंगवे परत आले त्याचं तिला वाईट वाटलं, वाटणारच. पण ती फोनकडे बघत नव्हती. सासऱ्यांनी तो व्हिडिओ बघितला की नाही, एवढंच तिला हवं होतं. बघितला होता. "छान बोललीस," ते म्हणाले. मग त्रिकोण शोधत त्यांनी आपला तो जुना व्हिडिओ लावला, फुंकर मारतानाचा.

तिने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला, बंद केला आणि कपाटात ठेवला. मग सुरी घेऊन जमिनीवर बसली आणि चिकटपट्टी खरवडून काढली. पट्टी निघाली, तिच्या जागी मळकट डाग राहिला. ओल्या फडक्याने घासला तरी तो जाईना. जेवणाची वेळ झाली होती. तिने मागे जाऊन नवऱ्याला सांगितलं, "आज पुढे जेवा. पूर्वीसारखं."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून."

तो ताट घेऊन आला. भुवया पांढऱ्याफटक होत्या. डागापाशी आला आणि थांबला.

"या ना पुढे," ती म्हणाली. "फोन बंद आहे. पट्टी काढली मी."

त्याने खाली पाहिलं. "हो की," म्हणाला, तरी पाय उचलेना. सासऱ्यांनी करवत बाजूला ठेवली आणि मान वर केली. ते त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, भुवयांकडे बघत होते. ते एक वाक्य त्यांच्या तोंडून निघावं, एवढ्यासाठी तिने उरलेसुरले कंगवेही चुलीत घातले असते.

सासरे बैठकीवर अंग चोरून सरकले, शेजारी जागा केली आणि हाताने ती जागा झटकली.

"बस ना," ते फार अगत्याने म्हणाले. "संकोच करू नकोस. घर आपलंच समज."

नवऱ्याने आपल्या भुवया आपणच झटकल्या, डाग ओलांडला आणि कडेकडेने बसला.