आधी मीठ, मग लिंबू

काल काल्हेरला एका लग्नात पत्रावळीवर चिमूटभर मीठ पडलं आणि कॉलेजातली माझी एक दुपार आठवून जीव चडफडला.

भिवंडीच्या बेघर निवाऱ्यात आम्ही विद्यार्थी जेवण वाढायला जायचो. पहिल्याच दिवशी मी पंगतीचा सेनापती झालो! आधी मीठ, मग लिंबू, मग चटणी. आणि सगळ्यांची ताटं भरेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही, असा माझा हुकूम.

पहिल्या ताटावरचे लूमवर काम करणारे चाचा म्हणाले, "बेटा, पहले चावल दे दे. शिफ्ट है मेरी."

"दो मिनिट, चाचा. सब लाईन से आयेगा!"

मी ऐटीत चटणी वाढत शेवटच्या ताटापर्यंत गेलो. भाताचं पातेलं घेऊन परतलो, तर चाचा चपला घालत होते.

"अहो, खाके जाओ ना!"

"देर हुई तो लूम दूसरे को दे देंगे." वर माझीच समजूत काढली, "थाली सजायी अच्छी थी तूने."

तेव्हा मला त्यांचाच राग आला होता, एवढी कसली घाई! आता वाटतं, त्या दीडशहाण्या पोराच्या हातातली चटणी हिसकावून घ्यावी आणि त्याला आधी भाताकडे पिटाळावं.