न चावणारी चप्पल

मेथीचे कडू दाणे मामी फुटाण्यासारखे खायची. रात्री भिजवायचे, सकाळी चावून चावून खायचे, आणि तोंड जराही वाकडं नाही. गल्लीत कुणाला साखर निघाली की तो आमच्या दारात हजर, म्हणून सगळे तिला मेथीमामीच म्हणत. आलेल्याच्या हातावर मूठभर दाणे ठेवून ती दम भरायची, "कडू हाय तवर गुण हाय. थुकायचं न्हाय, सांगून ठेवतो!"

तिला स्वतःलाही साखर होतीच. मेथीने थोडाफार फायदा होईलही, पण गोळी सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामीने त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. "गोळी परकी, मेथी घरची," म्हणत गोळ्या देव्हाऱ्यामागे ठेवून दिल्या. मी चिडलो की ती माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची. तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे.

एका दसऱ्याला मामांनी तिला नवी कातडी चप्पल आणली. आमच्याकडे नवी चप्पल चावणारच. तेल घाला, शिव्या घाला, सुरुवातीचे काही दिवस ती चावतेच. मामी मात्र पहिल्याच दिवशी ती घालून अंबाबाईला जाऊन आली आणि दारातूनच ओरडली, "बघा की गं! चावलीच न्हाय! मेथीचा गुण हाय का न्हाय?"

बायका कौतुकाने जमल्या. मी तिच्या पायांकडे पाहिलं. अंगठ्याजवळची कातडी सोलून निघाली होती आणि फरशीवर रक्ताचे डाग उमटले होते.

"मामी, दुखत नाही?"

"कुठं काय?" म्हणत तिने खाली पाहिलं.

साखरेने तिचे पाय कधीच बधिर झाले होते. जखम भरलीच नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण उशीर झाला होता. आधी अंगठा गेला, मग पाऊल. दवाखान्यात माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, "दुखलं असतं तर मी गेलो असतो की रं डॉक्टरकडं. दुखलंच न्हाय, मग कळायचं कसं?" ती घरी परत आली नाही.

आता मलाही साखर आहे. गोळी घेतो, मेथीही खातो, तोंड वाकडं करून. नवी चप्पल घेतली की दुकानातच जीव मुठीत धरून चार पावलं चालतो. अंगठ्यापाशी ती करकचून चावली, की मला रडू येईल इतकं बरं वाटतं.