टाकीच्या अंगाची वाट

बाबूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरला पत्रकांचे गठ्ठे रिक्षात चढवत होतो. ‘शंभर वर्षांची वहिवाट बंद होऊ देणार नाही!’ मथळा माझाच. आमच्या स्टेशनाला कडेने भिंत येणार आहे. बुद्धवाडीतून थेट पुलाच्या जिन्याशी जाणारी पायवाट तिच्यामागे अडकेल. भिंतीत त्या जागी दार ठेवा, एवढीच मागणी.

आदल्या संध्याकाळी पत्रकाचा नमुना घेऊन मी सहीसाठी काकांकडे गेलो होतो. काका निवृत्त सांधेवाले. रूळ बदलून गाडी योग्य लाइनीवर घेण्यात जन्म गेलेला. मथळा वाचून ते चिडले.

“इथं वाट कुठली रे? इथं सायडिंग होती. गवताच्या गाठी भरायला डबे उभे असायचे. माणसं काय डब्याखालनं जायची?”

“काका, लढ्यात थोडं पुढंमागं चालतं.”

“सांध्यात नाय चालत, पुढारी. जरा फट राहिली तरी गाडी उतरते.”

मग नमुन्याच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने जुनं स्टेशन काढलं. मधे मुख्य रूळ, आमच्या अंगाला सायडिंग, तिच्या टोकाला गुदाम, पार कसाऱ्याच्या बाजूला वाफेच्या इंजिनांची पाण्याची टाकी. जुनी वाट त्या टाकीच्या अंगाने, लांबून होती. सायडिंग उखडल्यावर लोक तिच्या जागेवरून सरळ चालायला लागले. “उद्या या नकाशावर सही करतो,” म्हणाले... आणि सकाळी फोन आला.

याला तीन आठवडे झाले. सोमवारी रेल्वेच्या साहेबांपुढे सुनावणी आहे. “पत्रकावर काकांची सही तूच मार, कोण बघतंय?” असं आमच्यातलाच एकजण म्हणाला, आणि खोटं सांगत नाही, मी पेन उघडलं होतं. बंद केलं, पण धास्ती गेली नाही. खरा नकाशा दिला तर दार मिळेल ते टाकीकडे. काकूंच्या गुडघ्यांना तेवढा फेरा झेपणार नाही. तोही बिनसहीचा कागद कोण मानणार?

काल हे सगळं काकूंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

“वाट कुठनं होती ते मला कुणी विचारलंच नाय,” त्या म्हणाल्या. “यांचा डबा घेऊन रोज कोण जायचं? टाकीच्या अंगानं मीच ना! मी सांगते सायबाला.”

“पण दार तिकडं झालं तर तुम्हालाच लांब पडेल.”

“पडू दे. हळूहळू जाईन.”

कचेरी वरच्या मजल्यावर आहे, जिना उभा आहे. मी चाचरत म्हणालो, “काका असते तर...”

“ते नायत म्हणून तर मी येते रे,” काकू म्हणाल्या. “रिक्षा किती वाजता सांगितलीस?”