गोळ्या खाल्लेला माणूस

लढाईवरून आमचे हे मळवलीला उतरले ते हळद लागल्यागत पिवळे होऊन. स्टेशनातच भाजे गावचे एक आबा भेटले. तिकडं काय काय झालं, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "लय गोळ्या खाल्ल्या, आबा." झालं. हे घरी पोचायच्या आत बातमी गावभर. अंगात गोळ्या घेऊन माणूस चालत आला, रक्त सगळं वाहून गेलं म्हणून असा पिवळा पडला! बायांनी माझं कुंकू बळकट म्हणून माझी ओटी भरली.

खरं काय ते ह्यांनी सासूबाईंना आणि मला सांगितलं. बंदुकीची गोळी ह्यांना शिवलीसुद्धा नव्हती. हे ब्रह्मदेशात लॉरी चालवायचे. हिवताप येऊ नये म्हणून पिवळी गोळी, तिनंच कातडी रंगली. रात्रभर लॉरी हाकताना डोळा लागू नये म्हणून पांढरी गोळी. आणि भीती वाटू नये म्हणून दिवस मावळला की सरकारी रम. माणसाकडं ताप, झोप, भीती काही म्हणून ठेवायचं नाही, असा साहेबाचा कारभार. पांढऱ्या गोळीनं गेलेली झोप घरी आल्यावरही परतली नाही. हे अंगणात फेऱ्या मारत राहायचे, हाक मारली तर दचकायचे. माझा जीव तुटायचा.

सासूबाईंना गोळ्यांचं काडीचं नवल वाटलं नाही. भाताच्या आवणीला, रोपं लावायला जाताना आम्ही सगळ्याच बाया तान्ह्या पोराला अफूची बाळगोळी चाटवून निजवायचो, आणि ती अफू लोणावळ्याच्या सरकारमान्य दुकानातली. पाळण्यात निजवणारं सरकार लॉरीवर जागं ठेवतं, एवढाच काय तो फरक. त्यांनी आम्हाला एकच बजावलं, की गाव समजतंय ते समजू द्या, तोंड उघडायचं नाही.

कारण धाकटे भावजी. त्यांना भरतीचं वेड लागलं होतं. पण दादाच्या अंगात गोळ्या आहेत हे ऐकल्यापासून त्यांनी पलटणीचं नाव काढलं नव्हतं. मुकाट बैलांमागं चालत होते.

मग लोणावळ्याचे रावसाहेब पलटणीच्या भरतीवाल्याला घेऊन आले. दारूबंदीच्या सभेचे अध्यक्ष तेच, भरतीच्या सभेचेही तेच. स्वतः सर्दी झाली की ब्रँडी घेत, पण चमच्यानं, म्हणून ती दारू नव्हे. त्यांनी देवळापुढं ह्यांचा सत्कार ठेवला. शौर्यावर बोलता बोलता ते रंगात आले, आणि त्या भरात त्यांनी ह्यांना सदरा काढून जखमा दाखवायला सांगितलं. आता बोंबला. सासूबाई नको नको अशी मान हलवत होत्या, पण ह्यांनी सदरा काढला. अंगावर ओरखडा नाही. मग मान खाली घालून ह्यांनी सगळं सांगून टाकलं. गोळ्या तोंडानं खाल्ल्या, पिवळ्या नि पांढऱ्या, वर रम. झोप उडाल्याचंही सांगितलं, ते मात्र कुणी ऐकलं नाही. लोक पोट धरून हसत होते.

हसू ओसरल्यावर मागून कुणीतरी विचारलं, रम रोज मिळते का, आणि फुकट का? रावसाहेबांनी घसा खाकरला आणि औषध म्हणून मिळते असं सांगितलं. शौर्याच्या भाषणाला एक पोरगा हलला नव्हता, औषधाचं नाव निघताच भरतीवाल्यापुढं रांग लागली. सगळ्यांत पुढं आमचे भावजी. सासूबाईंनी त्यांचा दंड धरला, तो त्यांनी हसत सोडवून घेतला.

"दादाला काय झालंय, आये? औषधाच्या तर गोळ्या व्हत्या."

घरी आल्यावर सासूबाई धाकट्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. ह्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"कशापायी बोललास?"

"खरं त्येच सांगितलं, आये. सदरा काढल्यावर दुसरं काय सांगणार?"

"मंग सदरा काढायचा न्हाई. जीव गेला तरी काढायचा न्हाई."

भावजी ब्रह्मदेशातून परत आले नाहीत. सासूबाई ह्यांना दोन्ही वेळा भाकरी वाढत राहिल्या, पण मरेपर्यंत ह्यांच्याशी बोलल्या नाहीत.