नारळाचं पाणी वॉरंटीत बसत नाही

दोष आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात कुणीही काहीही केलं तरी दोष शेवटी धाकट्यावरच येतो. लॅपटॉप बंद पडला एकदाच. पण घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याने त्याला हात लावला आणि दर हाताचा एक किस्सा झाला. आता कट्ट्यावर कुणी नुसतं "वॉरंटी" म्हटलं तरी पोरं माझ्याकडे बघून हसायला लागतात.

*

उद्यमनगरात आबांचं लेथचं वर्कशॉप आहे. खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा असते. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात आबांनी माझा लॅपटॉप नेऊन हातोडी आणि पान्यांच्या ओळीत मांडला. तोही उघडून! "देवासमोर तोंड झाकून कशाला ठेवायचं?" मग नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. शिंपडलं कसलं, ओतलं!

मी पोचलो तेव्हा स्क्रीन काळी आणि कीबोर्डवर कुंकवाचा चिखल. मी बोंब मारली. आबा शांत.

"आमचं लेथ तीस वर्षं नारळाचं पाणी पितंय. एकदा तरी बंद पडलं का? तुझ्या मशिनीतच दम न्हाय!"

*

त्या मशिनीत काय होतं ते सांगतो. इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. मग आठ महिने खपून सात मिनिटांची अॅनिमेशन फिल्म केली. पुण्यातला एक स्टुडिओ म्हणाला होता, "डिग्री नको, काम पाठव. आवडलं तर नोकरी. मुदत दसऱ्यानंतर दहा दिवस." डिग्री न विचारणारे मला जगात तेवढेच भेटले होते.

बॅकअप? होता की! वेगळ्या हार्ड डिस्कवर. ती थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, "जरा" म्हणून मागून नेलेली. लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ मावेना, म्हणून आतलं सगळं पुसून टाकलेलं. जाब विचारला तर म्हणाले,

"कार्टूनच हुती की रं त्यात! लगीन काय परत परत हुतंय व्हय?"

*

वयाबरोबर अक्कल येते असा आमच्याकडे समज आहे. समज अर्थात वडीलधाऱ्यांचाच. त्याच तात्यांनी फोनवर कुठलातरी व्हिडिओ बघून उपाय काढला, "तांदळात पूर!" शाहूवाडीच्या मामांनी पाठवलेला वासाचा तांदूळ परातीत ओतला आणि लॅपटॉप दोन दिवस त्यात गाडला. सुरू तर झाला नाहीच, वर चार्जिंगच्या भोकात दाणे अडकले.

तिसऱ्या दिवशी जेवताना भात गुलाबी दिसला. मी आईकडे बघितलं.

"टाकायचा व्हय एवढा चांगला तांदूळ? तीन पाण्यानं धुतलाय."

तात्या दुसऱ्यांदा भात घेत होते.

*

मग कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "सर, लॅपटॉप पे कोई लिक्विड गिरा है क्या?" मी "नहीं" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबा मागून गरजले,

"गिरा नै, हमने डाला! पूजा किया! नारल का पानी, एकदम शुद्ध!"

"नोट कर लिया, सर."

आबा खूश. "बघ, खरं बोललं की माणसं ऐकत्यात."

*

सर्व्हिस सेंटरच्या इंजिनिअरने लॅपटॉप खोलला. बोटाला लागलेलं कुंकू पुसत म्हणाला, "वॉरंटीत बसत न्हाय. पण डेटा शाबूत हाय. काढून देतो, त्याचे वेगळे पैसे पडतील." मला दुसरं काय पाहिजे होतं! म्हटलं, "वॉरंटी घाल चुलीत. फिल्म तेवढी दे." त्याने दोन दिवसांनी बोलावलं.

आबांना फक्त "पैसे" ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मला न सांगता ते तात्यांना घेऊन तिथे हजर. बिल आबांच्या नावावर, त्यामुळे सहीही त्यांचीच चालते. पुढचं सगळं मला तात्यांनीच छाती फुगवून सांगितलं.

"पावणं, गाव कुठलं?"

"जोतिबाचा डोंगर."

"डोंगरावर कुणाच्यातलं?"

दहा मिनिटांत तो इंजिनिअर आमच्या आत्याच्या जावेचा भाचा निघाला! मग काय, नारळाचं पाणी कागदावरून गायब. बोर्ड, कीबोर्ड, सगळं वॉरंटीत नवं. पोरगा भला. त्याने फक्त एवढंच विचारलं, "मामा, जुना बोर्ड कंपनीला परत जाणार. डेटा त्याच्यावरच हाय, त्यो बी जाणार. आधी काढून ठेवू का?"

आबांनी पेनाचं टोपण काढलं.

"नगं, नगं! जुनं काय बी ठेवू नगा. सगळं नवं घाला!"

मी फोन केला की तिथून एकच उत्तर, "मामांशी बोलणं झालंय, काम चालू हाय." आठवड्याने आबा लॅपटॉप घेऊन घरी आले. झाकणावर ताजं कुंकू, हातात पेढ्यांचा पुडा. "बघ, एक रुपाया लागला न्हाय!"

फिल्म गेली. पुण्याची नोकरीही गेली.