ड्रममधलं लिंबू

मे महिना लागला की आमच्या कॉलनीत माणसांपेक्षा झाडांची चौकशी जास्त होते. नागापूरच्या कारखान्यांमागे आमची ही रो-हाउसची रांग. गच्च्या एकमेकींना लागून, मध्ये कमरेएवढे कठडे, आणि प्रत्येक घराला बाहेरून जिना. नळाला पाणी दिवसाआड म्हणायचं, येईल तेव्हा खरं. अशा ठिकाणी बाग करणं शहाण्या माणसाचं काम नाही, हे माझा नवरा मला दर उन्हाळ्यात सांगतो आणि माझ्याच गच्चीवरचा गवती चहा घातलेला चहा पीत सांगतो.

आम्ही चौघी. सगळ्यात मोठ्या आक्का, सत्तरीला टेकलेल्या, माहेर तिसगावचं. त्यांचे मालक इथल्याच कंपनीत होते. ते गेल्यापासून आक्का घरात एकट्याच. एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीला. त्यांच्या शेजारच्या घरात बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. कॉलनी त्यांना बाई म्हणते आणि त्या कॉलनीला वर्ग समजतात. आक्कांच्या दुसऱ्या बाजूला मी, एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळणारी. माझ्या पलीकडे वहिनी, आमच्यात लहान, उत्साहाने नुसती ओसंडणारी. मला उत्साही माणसांची जरा धास्तीच वाटते, पण वहिनीवर रागावून फार वेळ बसता येत नाही.

ऊन कललं की आम्ही आक्कांच्या गच्चीवर जमायचो. फरशी इतकी तापलेली असायची की सतरंजीतूनही चटका लागे. एका कोपऱ्यात हिरव्या जाळीखाली झाडं, दुसऱ्या कोपऱ्यात कुणाच्या तरी कुरडया वाळत घातलेल्या आणि कबुतरं हाकलायला हातात काठी. मग सुरू. कुणाच्या मोगऱ्याच्या कळ्या उन्हाने करपल्या, कुणाच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण चढला. बाई मोबाईलवर आलेले उपाय वाचून दाखवायच्या. केळीच्या सालींचं पाणी, कांद्याच्या टरफलांचं पाणी, आंबट ताक. वहिनी सगळं करून बघायची. मी काहीच करायची नाही. आक्का म्हणायच्या की ताक झाडाला घालण्यापेक्षा मला आणून द्या, निदान गुण तरी येईल.

पाण्याचा विषय रोज निघायचा. तांदळाचं धुवण, फिल्टरमधून वाया जाणारं पाणी, कूलरच्या तळाला उरलेलं, सगळं बादल्यांत साठवायचं आणि संध्याकाळी हिशोबाने घालायचं. कोण किती पाणी घालतं यावर आमचं कधी एकमत झालं नाही. बाईंच्या मते वहिनी तांब्याभर ओतून मोकळी होते. वहिनीच्या मते मी हात आखडता घेते. माझ्या मते दोघींनाही अंदाज नाही. हे सगळं तोंडावर नव्हे, पाठीमागे बोलायचं, आणि ज्याच्या त्याच्या कानावर ते जायचंच.

आक्कांची बाग रंगाच्या बादल्यांत, तेलाच्या डब्यांत आणि मोडक्या कूलरच्या टबात होती. मोगरा, ओवा, कढीपत्ता, अळू. आणि निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये कागदी लिंबू. तिसगावच्या बाजारातून आणलेल्या लिंबाची बी टाकून त्यांनी ते वाढवलेलं. पान बारीक, काटे भरपूर, आणि उन्हाळ्यात भाजीवाल्याला लिंबाचा भाव विचारायची सोय नसते तेव्हा आम्हा तिघींच्या घरी लिंबं यायची ती या ड्रममधली.

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीया झाली आणि आक्का बाथरूममध्ये घसरून पडल्या. मनगट मोडलं. आतून कडी, मोबाईल बाहेरच्या खोलीत. दुपार झाली तरी आक्का पाणी भरायला आल्या नाहीत, म्हणून बाईंनी हाका मारल्या, तेव्हा कळलं. तोवर त्या ओल्या फरशीवर बसून होत्या. मुलगा त्याच संध्याकाळी आला आणि प्लॅस्टर घातल्यावर त्यांना पुण्याला घेऊन गेला. त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. एका हाताने भाकरी थापता येत नाही. गाडीत बसताना आक्कांनी चांगल्या हाताने वर गच्चीकडे दाखवलं आणि झाडांना बघा एवढंच म्हणाल्या.

आम्ही पाळ्या लावल्या. आज बाई, उद्या मी, परवा वहिनी. पहिले काही दिवस ठीक गेले. मग लिंबाची पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, वहिनी पाणी घालत नाहीये. ऊन तर असं होतं की दोरीवरचे कपडे पिना लावेपर्यंत वाळायचे. म्हणून मी पाळी नसतानाही सकाळी कामावर जायच्या आधी बादलीभर पाणी घालू लागले. पानं आणखी पिवळी पडली. मी आणखी पाणी घातलं. माझी झाडं निम्म्या पाण्यावर होती, पण आक्कांचं लिंबू मरता कामा नये असं मनाने घेतलं होतं.

एके दिवशी वर्कशॉपला सुट्टी होती. भल्या सकाळी बादली घेऊन कठडा ओलांडला, तर पलीकडच्या कठड्यावरून बाई साडी खोचून उतरत होत्या. त्यांच्याही हातात बादली. आम्ही एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि वहिनी कळशी कमरेवर घेऊन वर आली. पाळी त्या दिवशी तिघींपैकी नेमकी कुणाची होती, हे आठवायलाही कुणाला सुचलं नाही.

मी ड्रममध्ये बोट घातलं तर ते सरळ आत गेलं. चिखल. वास येत होता. तळाचं भोक केव्हाच बुजलेलं. मोगऱ्याच्या बादल्यांतही पाणी तुंबलेलं. ज्या कॉलनीत टँकर आला की लोक भांडतात, तिथे आम्ही तिघींनी मिळून आक्कांची बाग पाण्यात बुडवून मारली होती. बाई म्हणाल्या, वहिनी धुण्याचं साबणाचं पाणी घालत असणार. वहिनी म्हणाली, बाईंची केळीची सालं कुजली असणार. मी दोघींना गप्प बसा म्हटलं आणि मलाच रडू आलं. ओवा आणि कढीपत्ता तेवढा वाचला. लिंबाच्या फांद्या हाताने मोडल्या तर काटक्यांसारख्या मोडत होत्या.

त्याच आठवड्यात आक्कांच्या मुलाचा मला फोन आला. मुलगा गुणी, बोलणं मऊ. म्हणाला, काकू, आईने आता एकटीने राहायला नको. ती किती वेळ तशी पडून होती हे आठवलं की मला झोप येत नाही. घर भाड्याने द्यायचं ठरवतोय. कंपनीतलंच एक कुटुंब आहे, शाळा सुरू व्हायच्या आत यायचं म्हणतंय. आईचं बाकी काही म्हणणं नाही, फक्त झाडांवर अडून बसली आहे. झाडांना कोण बघणार, हे एकच. झाडं नसती तर केव्हाच हो म्हणाली असती. येत्या रविवारी व्हिडिओ कॉल लावतो, तिला जरा बाग दाखवा.

मी फोन ठेवला. दोघींना बोलावून सांगितलं. झाडं मेल्याचं कळलं तर आक्कांना परत यायला कारण उरत नव्हतं. आक्का गेल्या तर संध्याकाळी आम्ही कुठे जाणार होतो, हाही प्रश्न होताच, पण तो कुणी काढला नाही.

युक्ती वहिनीने काढली. बाईंकडे नर्सरीतून आणलेलं बिनबियांचं लिंबू होतं, खाली दारात, मोठ्या कुंडीत. मेलेलं झाड उपटून आम्ही ड्रममधला चिखल घमेल्याने उपसला, तळाला विटा रचल्या आणि बाईंची कुंडी दोराने बांधून, जिन्यावर तीनदा टेकवत, वर नेऊन ड्रममध्ये उतरवली. कुंडीची कड दिसू नये म्हणून वरून वाळू पसरली. माझे मोगरे आक्कांच्या बादल्यांत गेले, वहिनीचं अळू टबात. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडलेल्या बाई कंबर धरून उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, लांबून काही कळणार नाही. आमच्या तिघींच्या गच्च्या ओक्याबोक्या झाल्या आणि आक्कांची हिरवीगार.

रविवारी फोन वाजला. पडद्यावर आक्कांचा चेहरा, बाजूला मुलाचा खांदा. फोन त्यानेच धरला होता. वहिनीने जाळीपासून सुरुवात करून मोबाईल भराभर फिरवला. आक्कांनी लिंबू दाखवायला सांगितलं. वहिनीने ते दाखवलं न दाखवलं असं केलं. आक्का पडद्याच्या अगदी जवळ आल्या. मग म्हणाल्या, "लई चांगलं ठेवलंय गं तुमी." आमचा जीव भांड्यात पडला. नंतरच्या रविवारीही तेच झालं. आक्का मुलाला सांगत होत्या की बघ कसं हिरवं झालंय, आता बहार धरंल, छाटायला मी पाहिजे. आम्हाला ते ऐकून बरंही वाटायचं आणि चोरट्यासारखंही.

जूनच्या सुरुवातीला मुलगा त्यांना घेऊन आला. प्लॅस्टर निघालं होतं, मनगटाला नुसती पट्टी. दुपारी भाडेकरू घर बघायला येणार होते. आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं, असे ते दिवस. आक्का घरात गेल्या नाहीत, चप्पल घालूनच जिना चढायला लागल्या. मागे मुलगा, त्याच्या मागे आम्ही तिघी. वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

आक्का सरळ ड्रमपाशी गेल्या. लिंबाचं एक पान खुडून त्यांनी चुरगळलं आणि नाकाशी धरलं. मग वाकून वाळूत बोट फिरवलं. कुंडीची लाल कड उघडी पडली. मला ती दिसली. आक्कांनाही दिसली असणारच. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी तळहाताने वाळू पुन्हा नीट सारखी केली आणि मुलाकडे वळल्या.

"बघितलंस का? येवढ्या उन्हाळ्यात टिकलंय. आता ह्याला सोडून मी तिकडं बसू का?"

मुलगा कठड्याला टेकला. त्याने आईला समजावून पाहिलं, पण त्याच्या बोलण्यात पहिला जोर नव्हता. शेवटी त्याने आमच्याकडे बघून अटी घातल्या. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायची. कडी लावायची नाही. मोबाईल गळ्यात अडकवायचा. सकाळी बाईंनी हाक मारायची आणि आईने ओ द्यायची, नाही दिली तर लगेच फोन. बाईंनी हजेरी घेतल्यासारखी मान हलवली. मग तो भाडेकरूंना नको सांगायला फोन घेऊन खाली गेला.

त्याची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत कुणी हललं नाही. मग आक्का मोडक्या स्टुलावर बसल्या. वहिनीला राहवलं नाही. ती सगळं भडाभडा बोलून गेली, पाळ्या, बादल्या, चिखल, विटा, आणि शेवटी रडायलाच लागली. आक्का ऐकत होत्या.

"अगं, मला पहिल्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "माझ्या लिंबाचं पान येवढं मोठं कुटं हुतं? आन् काटा तर एक न्हाई."

बाईंनी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"पोरगा फोन धरून बसला हुता की बाजूला."

लिंबू गेल्याचं वाईट वाटलं का, असं मी विचारलं. वाटलं, त्या म्हणाल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत, सुनेने विचारलं तर हात दुखतोय म्हणाल्या. मग पट्टी बांधलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून त्या खाली जिन्याकडे बघत राहिल्या. सून किती करते ते त्यांनी सांगितलं. गरम भाकरी ताटात, वेणी घालून देते, मुलगा कामावरून आला की आधी आईजवळ बसतो. बोट ठेवायला जागा नाही, म्हणाल्या. दिवसभर दार लावलेलं असतं, एवढंच. मग आवाज खाली आणून म्हणाल्या,

"येवढं करत्यात, त्यांना कसं सांगू, मला तुमच्या घरी करमत न्हाई म्हनून? झाडांचं नाव घेतलं की कुनाला वाईट वाटत न्हाई."