सोमवारी फिरणारा पाट

त्या सोमवारी मी मंडईत गेले ती मेथी घ्यायला. भाजीवाल्या सगळ्या उभ्याच होत्या, टोपल्या उचलून, कारण सोमवार हा त्यांचा जागा बदलायचा दिवस. गयामावशीचा लाकडी पाट तेवढा दुसऱ्या ओट्यावर होता, मावशी अजून यायची होती. मावशीच्या गावाकडचा, जैनथकडचा ऑटो आला. त्यात वांगी नव्हती, मेथी नव्हती... नुसता ऑटोवाला उतरला आणि म्हणाला, “गयामाय गेली. पहाटे, चहा पिता पिताच.” भाजीवाल्यांतल्या शांताबाईने हातातली टोपली हळूच खाली ठेवली. त्यानंतर त्या बायांनी जे केलं, ते सांगायचं म्हणूनच मी हे लिहायला बसले आहे.

गयामावशी माझ्या नात्यातली नव्हे. जैनथजवळच्या खेड्यात तिची भाजीची वाडी, आदिलाबादेत आमचं बांगड्यांचं दुकान, आणि दुकानाच्या पायरीपासून रस्त्याच्या कडेने भाजीवाल्यांची रांग. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून तिने मला सूनबाई म्हटलं आणि सासूचे सगळे हक्क फुकटात घेतले. मी भाव करायला लागले की म्हणायची, “बांगड्या भरताना मी घासाघीस केली काय वं कधी?” करायची, चांगली तासभर करायची!

त्या रांगेचा एक कायदा होता. चौकाच्या तोंडाशी बसणारीची भाजी लवकर खपते आणि शेवटच्या टोकाला बसणारीची सुकून जाते, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून दर सोमवारी प्रत्येकीने एक जागा पुढे सरकायचं, आणि तोंडाशी असलेलीने उठून थेट शेवटी जाऊन बसायचं. मावशीच्या सासूने म्हणे हे सुरू केलं. त्यांच्या भाऊबंदांच्या विहिरीवर पाण्याची पाळी चालायची, तीच तिने रस्त्यावर आणली. “पान्याले पाळी असते, मंग गिऱ्हाइकाले काऊन नाही?” असं मावशीचं सरळ गणित होतं.

मग शहर वाढलं. रस्ता रुंद करायचा ठरला आणि आमच्या दुकानाचा पुढचा भाग त्यात गेला. मी रडत बसलेली, आणि ही बाई म्हणते, “दुकान बारीक झालं, तू काऊन नाही झाली वं?” मला रडता रडता हसू आलं. रागही आला. रस्त्याच्या मधोमध दुभाजक झाला, त्यावर फुलझाडं लागली, समोर काचेचं थंडगार दुकान आलं आणि त्यात प्लास्टिकात गुंडाळलेली वांगी. बायांना रस्त्यावरून उठवलं, पण त्यांच्यासाठी नवी मंडईही बांधली. पक्कं छत, पंखे, नळ, सिमेंटचे ओटे... उन्हात बसून बसून काळ्या पडलेल्या बायांना आणखी काय हवं होतं? फक्त आता प्रत्येक ओट्याला नंबर होता आणि प्रत्येक नंबरावर एकीचं नाव, कायमचं. चिठ्ठ्या टाकल्या. फाटकाजवळचा पहिला ओटा मावशीला निघाला. मुलाने त्याच दिवशी पेंटर बोलावून वरच्या भिंतीवर आईचं नाव तेलुगूत आणि मराठीत रंगवून घेतलं. जिन्याखालचा शेवटचा, अंधारा ओटा विठाबाईला आला. विठाबाई एकटी कमावणारी, घरात खाणारी तोंडं पुष्कळ.

गिऱ्हाईक फाटकाशीच पिशवी भरायचं आणि मागे फिरायचं. विठाबाईचा पालक रोज गुरांच्या पुढ्यात जाऊ लागला. रविवारी ती म्हणाली, आता मी काही येत नाही. सोमवारी सकाळी मावशीने पाट काखोटीला मारला, वांग्यांची टोपली उचलली आणि जिन्याखाली जाऊन उभी राहिली. “ऊठ विठा. सोमवार हाये.”

बाकी कुणी हललं नाही. शांताबाई तर दुसऱ्या ओट्यावरून म्हणाली, “आता नावं लागली मावशी, ते दिवस गेले.” मधलं कुणी सरकेना, म्हणून विठाबाई सरळ फाटकाशी मावशीच्या ओट्यावर जाऊन बसली. मंडईचा साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला नियम होता. त्याने हिंदीत समजावलं की अम्मा, तुमच्या ओट्यावर दुसरी बसली तर ओटा रद्द होईल. मावशीचा मुलगा कळवळला, “सोन्यासारखी जागा घालवून राह्यली तू!” खरंच होतं ते. ओटा गेला असता तर वाडीतली भाजी नेणार कुठे? मावशी पाटावर बसली आणि म्हणाली, “नाव राहू द्या ना साहेब तिथं. नाव काय भाजी इकते? मी बसून राह्यली इथं.”

तिच्या काटेरी वांग्यांवर जीव असलेली गिऱ्हाइकं तिला शोधत जिन्यापर्यंत जाऊ लागली. जाता-येता मधल्या ओट्यांवरची कोथिंबीर, मिरची घेऊ लागली. मधल्या बायांना गंमत कळली, आणि एकेक सोमवारी एकेक जण उठू लागली. सगळ्यांत शेवटी, तोंड वाकडं करत, शांताबाई उठली. साहेबाने काणाडोळा केला. पुढे तर पाहुण्यांना मंडई दाखवताना तोच ही पद्धत कौतुकाने सांगायचा आणि मावशी पदराआड हसायची. नव्या शहराशी तिचं भांडण नव्हतं, पंख्याखाली बसायला तिला मनापासून आवडायचं. त्या पंख्याखाली विठाही असली पाहिजे, एवढाच तिचा हट्ट. अशा बाईने मला सूनबाई म्हटलं, याचा मला फार अभिमान आहे.

तर त्या सोमवारी पाळीप्रमाणे मावशी फाटकाशी येणार होती. शांताबाईने डोळे पुसले, पाट उचलला आणि पहिल्या ओट्यावर, मावशीच्या रंगवलेल्या नावाखाली नेऊन ठेवला. मग बाकीच्या आपापल्या जागी गेल्या. आठवडाभर मंडईतली सगळ्यांत चांगली जागा रिकामी होती. कुणी तिथे कोथिंबिरीची जुडीसुद्धा ठेवली नाही. गिऱ्हाईक विचारायचं, तर विठाबाई सांगायची, “मावशीची पाळी हाये.”

पुढच्या सोमवारी शांताबाईनेच तो पाट उचलून जिन्याखाली नेला. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मावशीची सून वांगी घेऊन आली. फाटकाशी, सासूच्या नावाखाली थबकली. “मी कोठी बसू?” तिने विचारलं. बायांनी जिन्याकडे बोट दाखवलं. तिने पाट पाहिला, डोक्यावरचा पदर सावरला आणि तिथे जाऊन बसली.

परवा मेथी घ्यायला गेले, तेव्हा पाट जिन्यापासून बराच पुढे आला होता.